तीन-सीची ओळ

चारुदत्तने त्याच बिल्डिंगमधल्या मित्राच्या, सुशांतच्या फ्लॅटची, तीन-सीची बेल वाजवली. दार उघडलं ते एका कानटोपीने. खाली दोन स्वेटर, वरून सुशांतचं बर्फातलं जॅकेट, आणि या सगळ्याच्या आत कुठेतरी सुशांतची आई, उत्तराकाकू. बाहेर न्यू जर्सीचा जानेवारी, घरातही तोच.

"बॉयलरच्या फॉर्मवर सही हवी होती, काकू, घरातल्या कोणाचीही चालेल. हीटिंग बिघडलं की काय?"

"बंद केलंय. सुशांत सहाला येतो, त्याच्याआधी तासभर लावते. आपल्यापायी अख्ख्या बिल्डिंगचं नाक कापलं गेलं ना रे!"

चारुदत्तला लिफ्टमधला कागद आठवला.

शहराने वेबसाइटवर यादी टाकली होती. कुठल्या इमारतीने वर्षभरात किती गॅस जाळला, हवेत किती कार्बन सोडला, कोणीही बघावं आणि सुधारावं. यांची बिल्डिंग शेवटून पहिली! लाजेकाजेस्तव असोसिएशनने सगळ्या घरांना ऊब देणारा तीस वर्षांचा म्हातारा बॉयलर बदलायला काढला. झालं ते चांगलंच झालं. पण तेवढ्यावर थांबला तर तो चारुदत्त कसला? वय पन्नास, खोड्या पाचवीतल्या. यादीची प्रिंट काढून शहराच्या शिक्क्याखाली त्याने आपली एक ओळ घुसवली, 'सर्वांत जास्त वापर: फ्लॅट तीन-सी', आणि दिली लिफ्टमध्ये चिकटवून. थंडीतही घरात हाफ पँटवर फिरणाऱ्या सुशांतची फिरकी घ्यायला. सुशांत हसला, कागद फाडला, विसरला. नागपूरहून आलेली त्याची आईही त्याच लिफ्टने जाते, हे चारूच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काकू, ती ओळ मी लिहिली होती. गंमत म्हणून."

"माझं मन राखायला थापा नको मारू. सरकारी शिक्का होता त्यावर. मी तर परतीचं तिकीटपण आधीचं करून घेतलंय, येत्या रविवारचं. सुशांतला सांगितलं, गुडघे धरलेत."

चारूने फोनवर शहराची वेबसाइट उघडली. "ही खरी यादी. पूर्ण बिल्डिंगचा एकच आकडा आहे, फ्लॅटचं नावच नाही. आणि वर्ष बघा, मागचं. तेव्हा तुम्ही नागपुरात होतात."

काकूंनी बोट ठेवून दोनदा वाचलं. मग हळूच कानटोपी काढली.

"म्हणजे सोळा दिवस मी उगाच गारठले."

"थांबा, सुशांतला आत्ता फोन करून सगळं सांगतो."

"खबरदार! आई घरात कुडकुडत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे कळलं तर खाईल का तो सुखाने? तू गप्प राहायचं. कायमचं. तेवढं जमेल?"

"आणि तिकीट?"

"असू दे आता. घरी कळवून झालंय."

काकूंनी फॉर्मवर सही केली. चारूने भिंतीवरचं हीटिंगचं बटण वर सरकवलं. खोली तापायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो जोडे हातात धरून दारातच उभा होता. काकूंनी त्याला बस म्हटलं नाही.