अपिलाची परवानगी

गिरणीच्या धुळीनं नवऱ्याचा जीव घेतला, म्हणून तिनं मालकावर दावा ठोकला. साक्षीदार एकच होता, नवऱ्याचा गिरणीतला सोबती. तोही ऑक्सिजनच्या सिलिंडरवर. त्याची साक्ष आधी घ्या, हा अर्ज न्यायाधीशांनी “साक्षी क्रमानंच होतील” म्हणत फेटाळला. वकील म्हणाले, “ताई, हा निव्वळ कार्यपद्धतीचा हुकूम. यावर अपील करायलाही वरच्या कोर्टाची परवानगी लागते.” “म्हणजे दार ठोठावायलासुद्धा आधी विचारायचं?” ती संतापली, पण अर्ज केलाच. तारखा पडत राहिल्या. पाचव्या महिन्यात परवानगी मिळाली. साक्षीदाराला जाऊन नऊ दिवस झाले होते. ती तडक वरच्या कोर्टात उभी राहिली. “साहेब, लिहून घ्या. साक्षीदार पळाला नाही, फुटला नाही. तुमच्या परवानगीची वाट बघत मेला.” न्यायाधीश म्हणाले, “हे नोंदीत घेऊ नका.” लघुलेखिकेनं मान खाली घालून प्रत्येक शब्द टाइप केला.