रतनची दाढ

"दुधाची हाय, पडंल आपसूक," म्हणत सोपानने नऊ वर्षांच्या रतनच्या किडक्या दाढेत तीन महिने लवंगच दाबली. गाल सुजून डोळा मिटला, ताप चढला, तेव्हा लेकीला बैलगाडीत घालून तो पिंपळीहून बारामतीच्या डॉक्टरांकडे आला. "अहो, ही कायमची दाढ. सहाव्या वर्षी मागे गुपचूप येते," डॉक्टर म्हणाले. "आतली शीर काढून दाढ वाचवणारे मुंबईत आहेत, पण पू जबड्यात उतरलाय, आता काढावीच लागेल." सोपानने लेकीचे हात धरून ठेवले. परतीच्या वाटेवर रतनने चिंधी उघडून दाढ पाहिली. तोंडातला बोळा काढून ती म्हणाली, "आबा, गाडी मागं वळवा! दोन्ही मुळ्या शाबूत हायती. वाळायच्या आत लावू की परत." सोपानने कासरा आवळला. मुळी शाबूत असली की वांग्याचं रोप जगतं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.