चाकाखालचं लिंबू

आयुधपूजेची मांडणी बघून विद्याश्री दारातच थांबली. घराण्याच्या जुन्या तलवारीशेजारी दोन लोखंडी स्टँड उभे होते, धुऊन, कुंकू लावून.

"अत्ते, हे कुठनं आणले?"

"शरतच्या गाडीखालनं. तो फोनवर होता तेव्हा काढले," सासूबाई म्हणाल्या. "गाडी जॅकवर आहे की. आज सगळी आयुधं पूजेत पाहिजेत."

जुना जॅक हळूहळू खाली बसतो, भार पेलायचा तो स्टँडनीच, असं तिचा नवरा शरतच तिला सांगायचा. ती अंगणात धावली. स्टँड जागेवर आहेत या भरवशावर तो त्या बुटक्या स्पोर्ट्स कारखाली शिरला होता. पाय तेवढे बाहेर होते. तो गुणगुणत होता.

"शरत, बाहेर ये. आत्ता."

"एकच नट राहिलाय गं."

"सुम्ने घाबरतेस, उगाचच," मागून सासूबाई आल्या. "उचललेल्या चाकांखाली लिंबं ठेवलीत मी."

विद्याश्रीने वाकून त्याचे घोटे पकडले आणि तिची नजर चाकाकडे गेली. लिंबू चपटं होत चाललं होतं. रस फरशीवर ओघळत होता.

"बघ," सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "दृष्ट निघाली."