उसनी वीज

या, जवळ सरकून बसा. उसन्या विजेची एक गोष्ट सांगते.

कीर्तनकार मनोरमाबाई नवरा आणि नातीला घेऊन व्हॅनमधूनच गावोगाव फिरत. आत छोटा फ्रिज, बॅटरीवर चालणारा. त्यात नातीचं उद्याचं इंजेक्शन. गरम झालं की वाया, आणि दुसरं मिळायला पंधरा दिवस.

काल गावातली वीज गेली, तेव्हा बाईंनी कीर्तनाचा कर्णा फ्रिजच्याच बॅटरीवर लावला. आज भर उन्हात, घाटात, इंजिनाचा पट्टा तुटला. कालच उतरलेली बॅटरी भरेना, फ्रिज गप्प झाला.

"आणखी एक अभंग घ्यायचा होतास," मेकॅनिकला फोन लावत नवरा म्हणाला.

मागून मासळीची पिकअप आली. बाई हात जोडून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "इंजेक्शनपुरता बर्फ द्या हो."

"बर्फात गोठून वाया जाईल ते, मावशी," चालवणारी चांगुणाबाय खाली उतरली. "माझ्या गाडीवरून वायर घ्या. मेकॅनिक येईस्तोवर इंजिन चालू ठेवते."

"अहो, तुमचा बाजार?"

"म्हावरं उद्या परत मिळंल."

फ्रिज घुरघुरू लागला. मेकॅनिक तीन तासांनी आला, तेव्हा पिकअपखाली बर्फाचं पाणी वाहत होतं आणि पापलेटं मऊ पडली होती.

देवाचं नाव घ्याल, तेव्हा चांगुणाबायचंही घ्या.