उजवीकडचं पॅकिंग

"जावईबापू, धाकट्यांच्या गाडीवर जरा नजर असू द्या," सासरेबुवांनी बेसिनवर हात धुता धुता सांगितलं, दुसऱ्यांदा साबण लावला आणि जेवायला कॅबिनमध्ये गेले.

थोरल्या जावयाचा तिळपापड झाला. नजर असू द्या म्हणे! म्हणजे काम धाकट्याचं, कौतुक धाकट्याचं, आणि राखण मात्र आपण करायची. कॅबिनच्या काचेतून त्याला दिसलं, सासरेबुवांनी टेबलावरच्या पंख्याचं तोंड धाकट्याकडे वळवलं होतं. पंखा एक, जावई दोन, आणि वारा नेमका धाकट्याला.

गॅरेज स्प्रिंगांचं होतं. मागून खचलेल्या गाड्या उचलायच्या, फार उंच वाटणाऱ्या खाली बसवायच्या. थोरला लग्न झाल्यापासून इथे राबत होता. बोटं चेमटली, पाठ आखडली, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. मग मेहुणीचं लग्न झालं आणि हा साडू आला. कानामागून आला नि तिखट झाला. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, सासरेबुवांना हसवायचा, कामातही चोख होता. थोरल्याला खरं तर तेच सलत होतं. माणूस बिनकामाचा असता तर त्याने सुखाने चार घास जास्त खाल्ले असते.

सासरेबुवांच्या कंबरेने दगा दिला होता. गाडीखाली आडवं होणं त्यांनी कधीच सोडलं होतं. आज संध्याकाळी गॅरेजच्या किल्ल्या ते एकाच जावयाच्या हाती देणार होते. एका गाडीला दोन स्टिअरिंग नसतात, असं त्यांनी दोघांना बसवून सांगितलं होतं. सकाळी डबा देताना बायकोने विचारलं, बाबा कोणाला देतील हो? थोरल्याने चपला घातल्या.

लिफ्टवर चढवलेली गाडी एका फोटोग्राफरची होती. दिव्यांच्या पेट्या वाहून वाहून मागून बसलेली. दोन्ही स्प्रिंगांच्या डोक्यावर एकेक जाड रबरी चकती, म्हणजे पॅकिंग, बसवलं की मागचं अंग दोन बोटं वर येणार होतं. धाकट्याने ते सकाळीच उरकलं होतं. फोटोग्राफर मोठा चिकित्सक. भिंतीवरची तसबीर जरा तिरकी दिसली तर परक्या घरातही उठून सरळ करणारा.

थोरल्याने कॅबिनकडे पाहिलं. धाकट्याची पाठ इकडे होती. सासरेबुवा खुर्चीत मान टाकून पेंगत होते. त्याने डबा न उघडता बाजूला सारला आणि पाना घेऊन गाडीखाली गेला.

उजवीकडच्या शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढला, ॲक्सल खाली दाबला, स्प्रिंगच्या डोक्याशी बोटं घातली. पॅकिंग हाताला लागलं आणि ओढताच निघालं. इतकं सहज निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. धड बसवताही येत नाही, तो मनात म्हणाला. पॅकिंग खिशात, बोल्ट जागेवर. लिफ्टवर गाडीची चाकं लोंबकळत असतात. ती कुठे कलते हे खाली उतरल्याशिवाय कोणाला दिसत नाही. दिसेल तेव्हा समोर गिऱ्हाईक असेल आणि सासरेबुवाही असतील. त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

फोटोग्राफर उन्हं कलताना आला. धाकट्याने लिफ्ट खाली घेतली, स्प्रिंगा बसाव्यात म्हणून गाडी अंगणात एक चक्कर फिरवून आणली. थोरला हाताची घडी घालून उभा राहिला आणि गाडी उजवीकडे कलायची वाट पाहू लागला.

गाडी कलली नाही.

धाकट्याने टेप काढून दोन्ही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजलं. सारखं. थोरल्याने त्याच्या हातून टेप जवळजवळ हिसकावून घेतला आणि स्वतः मोजलं. तसूभरही फरक नव्हता. फोटोग्राफरने एक डोळा मिटून मागून पाहिलं, मान डोलावली आणि खूश होऊन गाडी घेऊन गेला. थोरल्याच्या खिशातलं पॅकिंग मांडीला टोचत होतं.

सासरेबुवांनी दोघांना कॅबिनमध्ये बोलावलं. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर होता.

"ही गाडी उजवीकडून दोन बोटं उंच बसणार होती," ते म्हणाले. "त्या बाजूला एक पॅकिंग जास्त होतं."

धाकट्याचा चेहरा पडला. दोन्हीकडे एकेकच घातलं होतं, असं तो पुटपुटला. सासरेबुवांनी हातानेच त्याला थांबवलं.

"थोरल्यांनी ते काढलं. मी झोपेचं सोंग घेऊन काचेतून बघत होतो. डबा तसाच ठेवून गाडीखाली गेले. आरडाओरडा नाही, चारचौघांत तुमची शोभा नाही. मला वाटलं होतं, मजा बघत बसतील. माझंच चुकलं."

त्यांनी किल्ल्या उचलून थोरल्याच्या तळहातावर ठेवल्या. थोरल्याला मूठ मिटवेना. धाकट्याने भरल्या डोळ्यांनी त्याचा दुसरा हात धरला.

"दादा, मला वाटायचं तुम्ही माझा दुस्वास करता," तो म्हणाला. "माझी चूक तुम्ही अशी पोटात घातलीत."



"आता खिशातलं पॅकिंग द्या," सासरेबुवांनी हात पुढे केला. "आणि धाकटे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचं काही चुकलं नव्हतं. जेवणाआधी ते जास्तीचं मीच सरकवलं होतं."