लिफ्टशेजारची अक्षरं

लिफ्टशेजारच्या भिंतीवरची अक्षरं ऋजुताची होती. वर्तुळ आणि सरळ रेघ, एवढ्या दोनच आकारांतून तिने सोसायटीसाठी ही पत्र्यात कापलेल्या अक्षरांची स्टेन्सिल घडवली होती. 'व'च्या पोटातला पत्रा गळून पडू नये म्हणून प्रत्येक गोलात जोड ठेवला होता. पार्किंगचे आकडे, 'ओला कचरा', 'आग लागल्यास' असं सगळं त्यातून रंगवलं गेलं, तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता.

आज त्याच अक्षरांत लिहिलं होतं, 'घरकामवाल्या बायकांनी जिन्याने जावे.'

सातव्या मजल्यावर स्वयंपाक करणाऱ्या गयाबाई गुडघा धरून दुसऱ्याच पायरीवर थांबल्या होत्या.

ऋजुता तणतणत सोसायटीच्या ऑफिसात शिरली. "काका, हे काय लिहिलंय?"

"मीटिंगमध्ये ठरलं, बाई," सेक्रेटरी पटवर्धन म्हणाले. "पण अक्षरं काय उठून दिसतात तुझी!"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "माझ्या अक्षरांनी कुणाचा अपमान करायचा नाही," असं म्हणत तिने कोपऱ्यातला काळ्या रंगाचा डबा नि ब्रश उचलला आणि बाहेर जाऊन भिंतीवरची सगळी ओळ काळी करून टाकली. पटवर्धन मागे धावत आले.

"भिंत सोसायटीची आहे! दंड लावीन!"

"लावा. मीटिंगमध्ये मीही बोलेन."

"थांब, चेअरमननाच सांगतो," म्हणत ते फणकाऱ्याने लिफ्टमध्ये शिरले.

गयाबाई पायरीवरून उतरल्या. पदर खोचून त्या लिफ्टमध्ये पटवर्धनांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"सातवा दाबा, साहेब," त्या म्हणाल्या.