वीस रुपयांची फळी

निंबा ओरडला तशी मैदानाकाठच्या सोफ्यांवरची अर्धी रांग वळून त्याच्याकडे बघायला लागली. सुभद्राबाईने नवऱ्याला चिमटा काढला. शेजारच्या गृहस्थाचे ओठ हलले आणि निंबाने ते वाचले.

"काका, धीमे बोलो ने."

आपला आवाज केवढा निघतो ते निंबाला कळत नसे. लिंबायतच्या लूमखात्यात बत्तीस वर्षं माग चालवून त्याचे दोन्ही कान कामातून गेले होते. चाळीस माग एका दमात खडखडायचे. तिथे बोलायचं ते हातांनी आणि ऐकायचं ते ओठांवरून. बहिरेपणाचं त्याला फारसं काही वाटत नसे. सल होता तो एकच. पोरगी गायत्री फुटबॉलच्या संघाची कप्तान झाली, अख्खी गल्ली तिच्या नावाने घसा फोडायला लागली, आणि हे सगळं नेमकं बापाचे कान गेल्यावर. लोकांची उघडी तोंडं त्याला दिसायची. त्या तोंडांतून पोरीचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं.

म्हणून आज तो मोठ्या आशेने पुढे बसला होता. अंतिम सामना होता. कामरेजच्या रस्त्यावरचं नवं कोरं मैदान, पुढच्या सोफ्याचं तिकीट पाचशे रुपये, आणि कप्तानाच्या आईबापाला फुकट पास. "पप्पा, तुम्ही सगळ्यात पुढे बसायचं," असं गायत्रीने बजावलं होतं. हजारो माणसं एकदम ओरडतील, त्यातलं एखादं अक्षर तरी कानात शिरेल, असं निंबाने मनाशी धरलं होतं.

पण ओरडतंय कोण? निम्म्या सोफ्यांवर पासवाले फिरकलेच नव्हते. जे आले होते ते पाय पसरून मोबाइल बघत होते. गायत्रीने तिघींना चकवून चेंडू काढला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याही सत्काराच्या भाषणाला वाजवतात तशा. लिंबायतच्या मैदानात तिकीट नव्हतं आणि खुर्चीही नव्हती. चुन्याच्या रेघेला पोट टेकवून माणसं उभी राहत. चेंडू आत फेकायला आलेल्या पोरीला आधी चार काकांना मागे ढकलावं लागे. त्याच माणसांना इथे वीस रुपयांत पार गोलच्या मागे, धावपट्टीच्याही पलीकडे, बांबूंवर ठोकलेल्या फळ्यांवर नेऊन बसवलं होतं. ज्याने कोणी हे मैदान मांडलं त्याला सोफे मांडता येत होते, माणसं नाही.

पहिला हाफ एक गोल खाऊन संपला. गायत्री सारखी मान वळवून त्या लांबच्या फळ्यांकडे बघत होती.

मध्यंतरात सोफेवाल्यांना खमणचे खोके वाटले. निंबाने हातातला घास परत खोक्यात ठेवला. मागाला माग लावून काम केलेला लक्ष्मण तिकडे फळीवर, आणि आपण इकडे खमण खातोय! त्याने दोन खोके उचलले, सुभद्राबाईला हातानेच 'देऊन येतो' म्हणून सांगितलं आणि धावपट्टीला वळसा घालून निघाला.

फळ्यांपाशी आल्यावर त्याने चपला काढल्या. ही खात्यातली सवय. तिथे तो अनवाणीच असायचा. कान गेल्यावरही चाळीसांतला कुठला माग अडखळला ते त्याला तळपायांतून कळायचं. शेठला याचं फार नवल वाटे.

"आप्पा, आठे बठा!" लक्ष्मणने सरकून जागा करून दिली.

निंबा बसला. पाय फळीवर टेकले. तेवढ्यात दुसरा हाफ सुरू झाला आणि त्याच्या पायाखालचे माग चालू झाले.

तो दचकला. फळी थरथरत होती. एक जोरात, मग दोन लागोपाठ. मग खंड. पुन्हा एक जोरात, दोन लागोपाठ. हा काही मागाचा ठेका नव्हता. त्याने आजूबाजूला पाहिलं. हजारभर माणसं फळ्यांवर टाचा आपटत होती. त्याने लक्ष्मणच्या ओठांकडे पाहिलं. ओठ उघडत होते ते पायांच्याच ठेक्यावर.

गा. यत्-री. गा. यत्-री.

निंबाने दोन्ही तळहात फळीवर दाबले. नाव पोटऱ्यांतून वर चढलं, कमरेतून छातीत आलं. त्याचे डोळे वाहायला लागले. ते पुसायला त्याने हात काही उचलले नाहीत.

आता गायत्रीची चढाई याच बाजूला होती. मागे वळून बघायची तिला गरजच उरली नव्हती. तिने एक गोल फेडला. मग शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू पुन्हा तिच्या पायाशी आला आणि सगळे ताडकन उभे राहिले. निंबापुढे नुसत्या पाठी. फळी एकदम गप्प झाली. एक श्वास गेला, दुसरा गेला. आणि मग ती अशी उसळली की निंबा बसल्या जागी वीतभर उडाला. गोल त्याने पाहिला नाही. पण कोणी केला ते त्याला सगळ्यांच्या आधी कळलं, कारण ठेका पुन्हा सुरू झाला होता आणि ठेक्यात नाव तेच होतं.

सुभद्राबाई धापा टाकत फळ्यांखाली येऊन उभी होती. पोरीने सामना जिंकला आणि बाप जागेवर नाही! तिने हातांनीच झापायला सुरुवात केली. चला तिकडे, सोफा रिकामा पडलाय, इथून काय कपाळ दिसतंय तुम्हाला?

निंबा खच्चून ओरडला. या वेळी कोणीही वळून पाहिलं नाही.

"दिसत काहीच नही! पन पोरनं नाव ऐकू यी ऱ्हायनं!"